धोंड्याच्या महिन्यातली सायकल

उन्हाळ्यात सायकल चालवायला पाय लागत नाहीत, निर्लज्जपणा लागतो. पहाटे पाच वाजता उठून, ज्या गादीला रात्रभर कूलरनं मोठ्या मुश्किलीनं गार केलंय ती सोडून, बाहेर भट्टी पेटायच्या आत घाम गाळून यायचं. कशासाठी, असं कुणी विचारलं की आपल्याकडे उत्तर नसतं. मार्चमध्ये असतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते विरघळून जातं.

माझ्याकडे उत्तर होतं, आणि तरीही मी झोपत होतो. ते आधी सांगतो.

पन्नाशीला माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "अजून काठावर आहात. तीन महिने देतो. वजन उतरवा, गोड बंद करा, रोज घाम गाळा. नाहीतर गोळी." आता गोळी काय, अर्धं शहर घेतं. आमच्या ऑफिसात दुपारी डबे उघडले की आधी गोळ्यांची पाकिटं निघतात आणि मग पोळ्या. पण माझ्या वडिलांचं सगळं त्या गोळीपासूनच सुरू झालं होतं. पुढे इंजेक्शन आलं. मग एकदा त्यांच्या उजव्या अंगठ्याला चप्पल चावली. चिमूटभर जखम, कुणी लक्षही दिलं नाही. त्या जखमेनं आधी अंगठा नेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंतचा पाय. शेवटची सहा वर्षं ते खाटेवर होते, आणि नसलेल्या पायाला खाज सुटली की चादर खाजवत बसायचे. ती चादर मी धुतलेली आहे. मला माझे दोन्ही पाय हवे होते, एवढीच माझी मागणी होती.

म्हणून सायकल घेतली. मार्चमध्ये छान चालली. आमच्या हडको वसाहतीतून निघायचं, हर्सूलच्या तलावापर्यंत जायचं, पाण्याकडे बघायचं, परत यायचं. एप्रिलमध्ये तलावात बघण्याइतकं पाणी उरलं नाही आणि माझं मनही फितूर झालं.

मन वळवायला मी काय काय केलं नाही? घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं, तर बायको उठून ते बंद करायची आणि मला शिव्या द्यायची. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवला, तो नाष्ट्याला खाल्ला. शहरातल्या सायकलवाल्यांच्या मोबाईल ग्रुपमध्ये शिरलो. ही मंडळी अंगाला चिकटणारे कपडे घालून रविवारी वेरूळला जाऊन इडली खाऊन यायची. ग्रुपचे म्होरके रोज पहाटे पाचला संदेश टाकायचे, की सूर्य तुमच्या आधी उठता कामा नये. मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवायचो आणि कूस बदलायचो. पंधरा दिवसांत मी त्या ग्रुपचा सर्वांत नम्र सभासद झालो.

शेवटी ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं माझं निदान केलं. स्वतः तो स्कूटरवर यायचा. म्हणाला, "तुमच्या सायकलला जायला गाव नाही. तलाव हे काय गाव आहे? माणसाला पोचल्यावर 'आलात का' असं विचारणारं कुणीतरी पाहिजे."

मला हे पटलं. आणि पोचल्यावर 'आलात का' असं विचारणारी माझी एकच जागा होती, ती म्हणजे सासुरवाडी. सिल्लोड रस्त्यानं गेलं की चौक्याचा घाट लागायच्या अलीकडे डावीकडे एक कच्चा रस्ता फुटतो. त्यावर सासऱ्यांचं शेत आणि भावकीची सहा घरांची वस्ती. घरापासून पंधरा किलोमीटर. जाऊन-येऊन तीस. डॉक्टर खूश झाले असते.

तरीही माझा माझ्यावर विश्वास नव्हता. म्हणून बायकोनं मला देवासमोर उभं केलं, हातावर पाणी घातलं आणि म्हणाली, "बोला काय ते. मागं घ्यायचं नाही." मी म्हणणार होतो, 'मे महिनाभर रोज सायकलवर सासुरवाडीला जाऊन येईन.' पण देवासमोर 'मे' म्हणायला जीभ उचलेना. देवाला शोभेल असा महिना हवा. वैशाखाचे आठ-दहा दिवसच उरले होते. मी गंभीर आवाजात म्हणालो, "आजपासून जेठ सरेपर्यंत." आणि पाणी सोडलं.

पहिला आठवडा सोन्यासारखा गेला. पहाटे पाचला निघायचो, सहाला पोचायचो. सासरे गोठ्यापाशी उभे असायचे. ते फार बोलत नाहीत. "आलात व्हय," म्हणायचे, मी "आलो मामा," म्हणायचो, सासूबाई तांब्याभर ताक द्यायच्या, की मी परत. सासू-सासऱ्यांना आमच्याकडं मामा-मामीच म्हणतात. तेवढ्या दोन शब्दांसाठी मी पंधरा किलोमीटर पायडल मारत होतो आणि मजेत होतो. वजन किलोभर उतरलं. ग्रुपवर पहिल्यांदाच मी हात जोडण्याऐवजी सायकलचा फोटो टाकला.

आठव्या-नवव्या दिवशी वस्तीवर पोचलो तर अंगणात पाट मांडलेला. शेजारी परात. सासूबाई नवं लुगडं नेसून उभ्या. मला वाटलं कुणाचं तरी लग्न ठरलं.

"बसा बापू," त्या म्हणाल्या, "पाय धुते."

"माझे? कशाला?"

"धोंड्याचा महिना लागला की आज. जावई म्हंजे नारायण. नारायण दारात आल्यावर तसंच लावून द्यावं का?"

मी पाटावर बसलो ते जवळजवळ कोसळलोच. धोंड्याचा महिना म्हणजे अधिक मास. तो दर तीन वर्षांनी येतो, त्यात जावयाला बोलावून, कणकेच्या गोळ्यात पुरण भरून केलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात, हे सगळं मला ठाऊक होतं. त्या वर्षी तो जेठात आलाय, हे मात्र ठाऊक नव्हतं. म्हणजे जेठ एक नव्हता, दोन होते. आधी अधिक जेठ, मग खरा जेठ. मी देवासमोर ऐटीत एक महिना मागितला होता आणि देवानं त्यावर एक फुकट दिला होता.

सासूबाई पाय धूत होत्या. फार सावकाश धुवायच्या. तळवा उचलून हातात घ्यायच्या, बोटांच्या बेचक्यांत अंगठा फिरवायच्या. मला गुदगुल्या होत होत्या आणि लाजही वाटत होती. मग पाच धोंडे आले. मी तीन खाल्ले, तर त्या म्हणाल्या, "नारायणाच्या पानात उरत नसतं." टॉवेल-टोपी दिली, कपाळाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला.

घरी येऊन बायकोला म्हणालो, "जेठ दोन आहेत, हे तुला माहीत होतं?"

"स्वयंपाकघरात एवढं मोठं कॅलेंडर लावलंय," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही विचार करूनच बोललात. मला तर भरूनच आलं होतं."

बरं, धोंडे एकदा झाले की झाले, असा माझा समज. सगळ्या जगाचा तसाच समज आहे. दुसऱ्या दिवशी पोचलो, तर पाट मांडलेला.

"मामी, काल झालं ना?"

"काल कालचा जावई जेवला," त्या म्हणाल्या. "आजचा आज आला."

"असं कुठं असतं? सगळे एकदाच जेवतात."

"सगळे एकदाच येतात." यावर त्यांनी सासऱ्यांकडं बघितलं. सासऱ्यांनी विचार केला आणि निकाल दिला, "आला म्हंजे आला." रोज येणारा जावई त्या वस्तीच्या इतिहासात कधी झालाच नव्हता, त्यामुळं नियम कुणालाच माहीत नव्हता, आणि नियम माहीत नसला की आपली माणसं पोटभर वाढतात.

त्यात जावई एका घरचा नसतो. तो भावकीचा असतो. तिसऱ्या दिवशी चुलत सासरे रस्त्यावर येऊन उभे राहिले. "आमच्या दारावरनं जाता आणि आमचे धोंडे नाय? आमी काय मेलो व्हय?" मग त्यांच्याकडं. मग त्यांच्या धाकट्या भावाकडं. सहा घरांनी बसून माझ्या पाळ्या लावल्या. पाळीच्या घरी पाच धोंडे आणि सासूबाईंकडं, आई म्हणून, रोज तीन. पाय मात्र दुसऱ्या कुणाला धुऊ द्यायला सासूबाई तयार नव्हत्या. त्यावरून दोन जावांमध्ये अबोलाही झाला. घरी टॉवेलांचा ढीग लागला. आम्ही दोघं नवरा-बायको. टॉवेल तेरा. नारळ तर बायको शेजाऱ्यांना वाटून वाटून थकली.

मी पळून बघितलं. एका दिवशी मान खाली घालून, वस्तीला हात लावून परत फिरायचं असं ठरवून वेगात निघालो. कच्च्या रस्त्यावर वळलो तर समोर बैलगाडी आडवी लावलेली, त्यावर चुलत सासरे बिडी ओढत बसलेले. "यंदा उन्हाळा लई हाय बापू," ते म्हणाले. "सावकाश चालवावं."

एकदा परतताना हर्सूलच्या तलावाजवळ सायकलवाल्यांचा ग्रुप भेटला. वीसेक जण, चिकट कपडे, काळे चष्मे. मी म्हणजे हेल्मेटवर पांढरी टोपी, कपाळावर कुंकू, खांद्यावर टॉवेल, कॅरिअरला दोन नारळ. म्होरक्यांनी उतरून माझ्याशी हात मिळवला आणि विचारलं, "कुठली स्पर्धा होती?" मला खरं सांगायचा धीर झाला नाही. म्हणालो, "ग्रामीण आहे." त्यांनी माझा फोटो काढला आणि संध्याकाळी ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, की बेचाळीस अंश तापमानात हा माणूस रोज जातो, यांच्याकडून काहीतरी शिका. मला खूप जणांनी हात जोडले.

आणि या सगळ्यात मी सुटत चाललो होतो. रोज तीस किलोमीटर सायकल मारून पँटचं बटण लागेना. धोंड्याच्या महिन्याच्या विसाव्या दिवशी धास्तीनं रक्त तपासलं. आकडा सायकल घेण्याआधीच्या आकड्याहून वर होता.

डॉक्टरांनी कागद बघितला, मला बघितलं. "चालवता ना नक्की?"

"रोज तीस किलोमीटर."

"मग खाता काय?"

"धोंडे."

डॉक्टरही कुणाचे तरी जावई. म्हणाले, "माझे रविवारी आहेत." मग एकदम आठवल्यासारखं करून रागावले. म्हणाले, असंच चाललं तर तीन महिने भरायची वाट कशाला बघू, पुढच्या आठवड्यातच गोळी लिहून देतो.

दवाखान्यातून बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. चप्पल काढून माझा उजवा अंगठा बघत बसलो. धडधाकट होता. वडिलांचाही त्या वयात असाच होता. मला हसू येत नव्हतं. इतके दिवस जे चाललं होतं ते हसण्यावारी नेत होतो, आता पोटात भीतीचा गोळा बसला, तो धोंड्याहून जड होता. सायकल सोडावी तर शपथ मोडते आणि घामही बंद. चालवावी तर साखर वाढते. ज्या वाटेनं पाय वाचवायचा, तीच वाट पाय घेऊन जाणार होती.

बायकोला म्हणालो, "तू आईला फोन कर."

"कितीदा केला. ती म्हणते, न जेवता जावई दारातून गेला तर तुझ्या कपाळाचं काय? मी काय बोलणार त्यावर? तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकेल."

दुसऱ्या दिवशी पाट, परात, सासूबाई. पाय परातीत ठेवले आणि मी सांगून टाकलं. वडिलांचा पाय, चप्पल, चादर, डॉक्टर, आकडा, सगळं. म्हणालो, "मामी, तुम्ही मला प्रेमानं मारताय." हे म्हणायला नको होतं. पण तोंडातून गेलं.

त्यांचा हात थांबला नाही. डावा पाय झाला होता, उजवा हातात होता.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "तुमचे वडील खाटंवर होते तवा मी बघायला आले नव्हते व्हय? बाईनं, तुमच्या आईनं, मला पट्टी सोडून दाखवली होती. तवापासून तो पाय माझ्या डोळ्यापुढनं गेला नाय. आन् मग पोरगी सांगते, तुमच्या रक्तात पण तेच निघालं. आता मला काय कळतं डॉक्टरातलं? नारायणाला जेवू घालता येतं मला, ते घातलं. पाय धुता येतात, ते धुतले." त्यांनी माझा तळवा उजेडाकडं वळवला. "रोज बघते. बोटाच्या फटीत बघते. कुठं लाल झालं का, चिरलं का, काटा गेला का. दुसऱ्या कुणाला धू देत नाय, त्यांना काय ठाऊक काय बघायचं ते."

तीन आठवडे मी या बाईची नक्कल करून ऑफिसात लोकांना हसवत होतो. मला रडू आलं, आणि कुंकू लावलेला नारायण परातीत पाय घालून रडतोय हे बघून चुलत सासरे बैलांकडं निघून गेले.

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पर न जेवता कसं लावून देऊ? पोरीचं कुंकू हाय ते." त्यांची भीती माझ्या भीतीइतकीच खरी होती, आणि दोघांची भीती एकाच माणसासाठी होती. आम्ही दोघं हताश होऊन सासऱ्यांकडं बघायला लागलो.

सासरे गोठ्याच्या खांबाला टेकून उभे होते. ते पुष्कळ वेळ सायकलीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पाय टेकला तर जावई आला. नाय टेकला, तर रस्त्यानं जाणारा माणूस. त्याला पाणी पाजावं, बस."

वस्तीवर यावर रीतसर खल झाला. चुलत सासऱ्यांनी हरकत घेतली, "टायर तर टेकतंय की."

"टायर जावई नाय," सासरे म्हणाले. त्यांच्या तोंडून एका दिवसात इतके शब्द कुणी ऐकले नव्हते, म्हणून सगळ्यांनी मान्य केलं.

दुसऱ्या सकाळपासून असं सुरू झालं. मी अंगणात शिरायचो, सासरे पुढं होऊन दोन्ही हातांनी हँडल धरायचे. मी सीटवर तसाच, दोन्ही पाय हवेत. सासूबाई तांब्या द्यायच्या. मी पाणी पीत असताना त्या उपड्या घमेल्यावर बसून माझा एक बूट काढायच्या, मोजा काढायच्या, ओल्या पदरानं तळवा पुसायच्या, बोटं एकेक करून उघडून बघायच्या, मोजा-बूट पुन्हा चढवायच्या, मग दुसरा. सासऱ्यांचं वय चौऱ्याहत्तर आणि माझं वजन त्यांच्या दीडपट. त्यांचे दंड थरथरायचे. भावकीतली सगळी मंडळी हातातली कामं टाकून माझ्या पायांवर नजर ठेवून उभी, कुठं टेकतो का बघायला, कारण टेकला असता तर पाळी ज्याची त्याचे धोंडे चुलीवर तयारच असत. एकदा सायकल कलली आणि माझा पाय जमिनीपासून वीतभर उरला, तर चुलत सासरे "आला, आला" म्हणत धावले. सासऱ्यांनी मला सरळ केलं. नऊ दिवस मी त्या अंगणात गेलो आणि गेलो नाही.

आकड्याचं सांगून टाकतो. तीन महिने भरले तेव्हा तो खाली आला होता, पार खाली नाही, पुन्हा काठावर. डॉक्टरांनी आणखी तीन महिने दिले. त्यांचं स्वतःचं पोट जरा सुटलेलं दिसत होतं.

अधिक जेठ संपला त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी नेमानं पोचलो. खऱ्या जेठाचा पहिला दिवस. धोंडे संपले होते. पाट नव्हता, परात नव्हती, भावकीतलं कुणी बघायला उभं नव्हतं. आता पाय टेकवायला कुणाचीच हरकत नव्हती. मी खुशाल उतरून, सायकल भिंतीला लावून, बाजेवर बसून पाणी प्यायलो असतो तरी चाललं असतं.

अंगणात सासरे दोन्ही हात पुढं करून उभे होते. मागं सासूबाईंनी घमेलं उपडं घालून ठेवलं होतं, तांब्या भरलेला होता, आणि पदराचं टोक त्यांनी आधीच ओलं केलं होतं. त्या दोघांना महिना संपल्याचं माहीत नव्हतं असं मुळीच नाही. तिथी त्या घरात कुणी विसरत नाही.

मी पाय टेकवला नाही. सासऱ्यांनी हँडल धरलं. मी तांब्या तोंडाला लावला आणि उजवा पाय सासूबाईंच्या हातात दिला.